वासंतीचा गुडघा

वासंती गेल्याचा फोन आला तेव्हा मी कार्यालयात बदल्यांची यादी तपासत होते. फोन तिच्या वहिनीचा होता. "नलूताई, वासंतीताई गेल्या." मी विचारलं, "कधी?" ती म्हणाली, "आत्ता, साडेदहाला." पंधरा दिवस ताप होता, मग फुप्फुसात पाणी झालं, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. मी यादी पुरी केली, रजेचा अर्ज लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि रिक्षा केली. रिक्षा चौकापर्यंतच जाते, पुढे दुर्गाघाटापर्यंत गल्लीतून पायी. त्या गल्लीतून माझ्याच चुलत बहिणीच्या घरी पोचायला मला एरवीच्या दुप्पट वेळ लागला, कारण गल्ली माणसांनी भरली होती. पानवाल्यानं दुकान बंद ठेवलं होतं. कचोरीवाल्यानं कढई उतरवली होती. तिच्या शाळेतल्या मुली गणवेशात दोन्ही बाजूंना भिंतीला टेकून उभ्या होत्या, आजच्या आणि जुन्याही. जुन्यांपैकी काहींच्या कडेवर मुलं होती. त्या गर्दीतून वाट काढताना माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की माझ्या वेळी एवढी माणसं येणार नाहीत. फार तर आमच्या विभागातले चार कारकून येतील आणि त्यातले दोन जेवणाच्या सुट्टीनंतर परत जातील.

हा विचार मी मुद्दाम लिहिते आहे. पुढे शाळेत शोकसभा झाली. सगळे 'जिद्द' हा शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं आणि मीही जिद्दच म्हणाले. मोडलेल्या पायानं पुन्हा उभी राहिलेली, धावलेली, शेकडो मुलींना धावायला शिकवणारी वासंती... हे सगळं खरं आहे. पण तो पाय तसा का राहिला, त्यात माझा वाटा किती आणि त्याचा बोल कुणी सोसला, हे त्या सभेत कुणाला माहीत नव्हतं. वासंतीला माहीत होतं आणि मला. आता मला एकटीलाच आहे, आणि ते तसं राहणं योग्य नाही.

आम्ही एका घरात वाढलो. खाली काका, काकू, वासंती आणि तिचा धाकटा भाऊ. वर आम्ही. माझे वडील बँकेत होते, काका भिक्षुकी करत. महाराष्ट्रातून श्राद्धासाठी काशीला येणारी मंडळी त्यांचं नाव विचारत घाटावर यायची. काका तिथी तोंडी सांगायचे, इथल्या पंचांगाची आणि आपल्या पंचांगाची, दोन्ही. गल्लीतले बनारसी पंडितसुद्धा अडलं तर त्यांच्याकडे माणूस पाठवायचे. वासंती माझ्याहून सहा महिन्यांनी लहान, पण मला कधी ताई म्हणाली नाही. नले म्हणायची, आणि रागात असली की म्हैस. कॉलेजात खेळाच्या मॅडमनी आम्हा दोघींना आठशे मीटरसाठी निवडलं. आम्ही पहाटे सलवारीला घोट्याजवळ सुतळी बांधून घाटाच्या पायऱ्या चढायचो-उतरायचो आणि मग मैदानावर जायचो. ती माझ्याहून चार सेकंद पुढे असायची. मी सकाळ-संध्याकाळ घाम गाळावा, तिनं दोन दिवस दांडी मारून तिसऱ्या दिवशी यावं, तरी चार सेकंद. मला तिचा हेवा वाटायचा. तिच्या लांब पायांचा वाटायचा, आणि तिला हेवा म्हणजे काय ते माहीतच नव्हतं त्याचाही वाटायचा.

त्या वर्षी मॅडमनी सांगितलं, की दसऱ्यानंतर चाचणी आहे. रेल्वे खेळाडू मुलींना नोकरी देणार आहे आणि आठशे मीटरमध्ये आमच्याकडून एकच मुलगी जाईल. मॅडमनी हे आम्हा दोघींना समोर उभं करून सांगितलं, पण बघत होत्या वासंतीकडे. माझ्या वडिलांनी तोवर माझ्यासाठी दोन स्थळं पाहून ठेवली होती. नोकरी लागली तर लग्न पुढे ढकलेन, एवढं त्यांनी कबूल केलं होतं. त्यामुळे ती एक जागा म्हणजे माझ्यासाठी नुसती शर्यत नव्हती. वासंतीला नोकरी नको होती असं नाही, पण तिचं त्यावाचून काही अडलेलं नव्हतं.

आषाढात पायऱ्यांवर शेवाळ धरतं. आम्ही पाचव्यांदा वर चढत होतो. ती पुढे, मी मागे. ती मागे वळून म्हणाली, "चल गं म्हशी, पाणी तुझ्या आधी वर येईल!" आणि तिचा पाय गेला. सहा-सात पायऱ्या ती खाली आली. डाव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली होती. इस्पितळात फोटो काढला, शस्त्रक्रिया करून सळई घालू म्हणाले. सळई म्हटल्यावर काकू रडायला लागल्या आणि काकांनी आमच्या भागातले सगळे लोक करत तेच केलं. तिला खाटेवर घालून आखाड्यातल्या पहिलवानाकडे नेलं. हाडं बसवण्यात त्याचा हात नामी होता, हे आजही सांगते. त्यानं हाडं जुळवली तेव्हा वासंती अशी ओरडली की काका बाहेर निघून गेले. आत मी होते, तिचे खांदे धरून. मांडीपासून घोट्यापर्यंत लेप, बांबूच्या कामट्या आणि वर कापडाचा पट्टा बांधून झाल्यावर त्यानं हात धुतले आणि मला बजावलं, "सुन बिटिया, भादों बदी पंचमी के खोल दिहा. न पहिले, न बाद में." मी मान डोलावली. बाहेर येऊन काकांना मराठीत सांगितलं, "भाद्रपद वद्य पंचमीला सोडायचं." काका म्हणाले, "सत्तर दिवस? बरंच झालं की." मग स्वतःशीच म्हणाले, "दोन्ही हाडं आहेत, उस्तादांना कळतं." घरी येऊन त्यांनी पुण्याहून येणाऱ्या आमच्या भिंतीवरच्या पंचांगात त्या दिवसाभोवती शाईनं वर्तुळ केलं.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एवढं सांगायला हवं, की आपला महिना अमावास्येला संपतो आणि इथल्या लोकांचा पौर्णिमेला. म्हणून पौर्णिमा उलटली की आपला श्रावण चालू असतानाच बनारसचा भादों लागतो. पहिलवानाची भादों बदी पंचमी म्हणजे आपली श्रावण वद्य पंचमी. सत्तर नव्हे, चाळीस दिवस. काशीतल्या मराठी घरात हे पोरासोरांना माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण त्या दिवशी तिच्या किंकाळ्या कानात होत्या आणि मी भादोंचा भाद्रपद करून टाकला. तेव्हाची माझी चूक प्रामाणिक होती. तेवढ्यापुरती मी स्वतःला दोष देत नाही.

पुढचे दिवस वासंती खालच्या माजघरात खाटेवर होती आणि सगळं घर तिच्याभोवती. माझी आई रोज वरून शिरा नाहीतर सांजा करून खाली न्यायची. मी मैदानावरून येऊन भूक म्हटलं की म्हणायची, "डब्यात पोळी आहे बघ." गल्लीतल्या बायका यायच्या, दत्तमंदिरातला अंगारा यायचा, मॅडम स्वतः दोनदा आल्या. माझ्या सरावाला त्या आठवड्यातून एकदाच यायच्या. वासंती सगळ्यांना हसवायची. पायाकडे बोट दाखवून म्हणायची, "याला आराम पाहिजे होता, मला नाही. जबरदस्ती मला पण झोपवून ठेवलं." बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि निघताना तिच्या तोंडावरून हात फिरवायच्या. गंगेला पूर आला, आखाड्यात पाणी शिरलं आणि पहिलवान आपल्या गावी निघून गेला. म्हणजे विचारायला, तपासायला कुणी उरलं नाही.

जन्माष्टमीच्या सकाळी मला फुलं आणायला पाठवलं. फुलवाली म्हणाली, "आज भादों की अष्टमी है, आज माला का भाव मत पूछो." मी पैसे काढता काढता थांबले. भादोंची अष्टमी. म्हणजे भादोंची पंचमी होऊन तीन दिवस झाले... मी बोटांवर पुन्हा मोजलं. मग फुलं घेऊन घरी निघाले ती हे सांगायलाच. खरंच सांगायलाच. माजघरात शिरले तर काकू तिच्या केसांना तेल लावत होत्या आणि माझी आई तिच्या पायाखालची उशी सारखी करत होती. वासंतीनं मला बघून विचारलं, "नले, काल वेळ किती आली?" मी सांगितली. ती हसली. "अजून तीच? मी इथं पडल्या पडल्या तुझ्या चार सेकंद पुढे आहे, बघ!" सगळे हसले. आईसुद्धा हसली. मी फुलांचा पुडा कोनाड्यात ठेवला आणि वर निघून गेले.

एक वाक्य पुरलं असतं. ते मी त्या दिवशी बोलले नाही, दुसऱ्या दिवशी बोलले नाही, गणपती बसले तेव्हा नाही, गौरी जेवल्या तेव्हा नाही. रोज पंचांगासमोरून जात होते. पहिल्या चार-पाच दिवसांत राग होता, नंतर रागही नव्हता, नुसती सवय झाली होती. आणि रोज धावताना पायांत एक बळ येत होतं, ते कुठून येतं हेही मला माहीत होतं. दसऱ्यापर्यंत ती धावू शकलीच नसती, हे आज कळतं. एवढं मोडलेलं हाड तीन महिन्यांत शर्यतीला तयार होत नाही. पण त्या वयात मला ते कळत नव्हतं. मला वाटत होतं, पट्टा सुटला की ही उठेल आणि पुन्हा चार सेकंद पुढे जाईल.

आपल्या भाद्रपद वद्य पंचमीला, ऐन पितृपक्षात, काकांनी घाटावरून येऊन स्वतः पट्टा सोडला. आतून निघालेला पाय मनगटाएवढा झाला होता आणि गुडघा वाकत नव्हता. अजिबात नाही. चार दिवसांनी पूर ओसरून पहिलवान परत आला. त्यानं पाय पाहिला आणि चढ्या आवाजात विचारलं, "ई का कइला गुरुजी? महीना भर जादा बाँध के रखला? गोड़ लकड़ी हो गइल!" पायाचं लाकूड झालं, म्हणाला. काकांनी भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिलं. मग त्यांना उमगलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भाद्रपद म्हणून सांगितलं कुणी, हे त्यांच्या लक्षात नसेल असं नाही, पण तिथी पडताळून पाहणं हे आपलं काम होतं, असंच त्यांनी धरलं. म्हणाले, "माझीच चूक. दोन पंचांगांचा घोळ मी केला." गोष्ट गल्लीत गेली. पोटच्या मुलीच्या वेळी गुरुजींना तिथी कळली नाही, म्हणून लोक घाटावर हसले. पंडितांकडून माणसं येणं बंद झालं. त्यानंतर काका मरेपर्यंत, कुणी साधी एकादशी विचारली तरी म्हणायचे, "इथली सांगू की आपली?" आणि उत्तर देण्याआधी पंचांग काढून दोनदा बघायचे. ज्या माणसाला ते कधी उघडावं लागलं नव्हतं, त्यानं. मी समोर होते. तेव्हाही एक वाक्य पुरलं असतं.

दसऱ्यानंतर चाचणी झाली, मी निवडली गेले, रेल्वेत लागले. स्थळं परत गेली.

आणि वासंतीनं गुडघा वाकवायला घेतला. याचं वर्णन लोक फार नाट्यमय करतात. मी रोज पाहिलं आहे, त्यात नाट्य काही नव्हतं. सकाळी गरम वाळूच्या पुरचुंडीनं शेक, मोहरीच्या तेलानं चोळणं, मग पालथी पडून टाच मागे ओढणं. काकांच्या जानव्यांच्या सुताचा एक तुकडा तिनं घेतला होता. टाच आणि कंबर यांच्यामधलं अंतर ती त्यानं मोजायची आणि दर रविवारी तिथं गाठ मारायची. कधी गाठ मागच्या गाठीवरच बसायची. ओरडायची, शिव्या द्यायची, उशी फेकायची आणि पुन्हा पालथी पडायची. आश्विनात पाणी उतरायला लागलं, घाटावरचा गाळ धुऊन काढला, तेव्हा ती पहिल्यांदा बाहेर आली. पायऱ्या बसून उतरायची, लहान मूल उतरतं तशी. पाण्याला हात लावायचा आणि कठड्याला धरून वर यायचं. गंगा जसजशी खाली जायची तसतशा उतरायच्या पायऱ्या वाढायच्या. दर पंधरवड्याला दोन-चार नव्या. तिला कुणी लक्ष्य ठरवून द्यावं लागलं नाही. माघात ती काठी घेऊन शिंदे घाटापर्यंत जाऊन येऊ लागली, फाल्गुनात काठी टाकली. वैशाखात नावेनं पलीकडच्या रेतीवर गेली आणि तिथं, जिथं पडलं तरी लागत नाही, तिथं पहिल्यांदा धावली. धावली म्हणजे उजवा पाय धावला आणि डावा मागून ओढला गेला. नावाडी काठावरून ओरडला, "वाह दीदी!" मी नोकरीच्या पहिल्या सुट्टीत तिच्याबरोबर गेले होते. मीही धावले होते. मला कुणी वाह म्हटलं नाही. म्हणण्यासारखं काही नव्हतं, मी नुसती नीट धावले होते.

सगळ्यात जास्त आठवते ती पुढच्या थंडीतली शर्यत. शहरातल्या सगळ्या मुलींसाठी खुली होती. मी रेल्वेच्या बनियनमध्ये, वासंती कॉलेजच्या. मी जिंकले. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ मी त्या दिवशी दिली, तिच्या जुन्या वेळेपेक्षा चांगली. दोरी छातीला लागली, मी वळून प्रेक्षकांकडे पाहिलं, तर सगळे उभे होते आणि टाळ्या वाजवत होते, पण माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. वासंतीचा एक फेरा अजून बाकी होता. ती एकटी मैदानावर होती, डावा पाय फेकत, तोंड उघडं टाकून, आणि अख्खं मैदान तिच्या पावलांवर टाळ्या देत होतं. मॅडमच्या डोळ्यांना पाणी होतं. घड्याळ पकडणारा माणूससुद्धा घड्याळ सोडून टाळ्या वाजवत होता. माझी वेळ त्यानं लिहून घेतली की नाही, हे मला स्वतः जाऊन विचारावं लागलं. मी तिचा गुडघा अडवून ठेवला होता, आणि त्याच गुडघ्यानं माझी शर्यत नेली... हे त्या दिवशी मला कळलं, आणि त्याचीही मला लाजेपेक्षा चीडच जास्त आली.

पुढचं लवकर सांगते. मी चार वर्षं धावले, मग वेळ उतरत गेली आणि मी कार्यालयात टेबलाशी बसले. लग्न उशिरा झालं, बरं झालं. वासंतीनं लग्न केलं नाही. ती मुलींच्या शाळेत खेळ शिकवायला लागली आणि पहाटे मुलींना घाटावर न्यायला लागली. पहिली दोन वर्षं पालक भांडायला यायचे, नंतर मुलींना घेऊन स्वतः यायला लागले. तिचा गुडघा तीन चतुर्थांश वाकायचा, त्यापुढे नाही. मी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांना 'माझ्या ओळखीची एक मुलगी' असं सांगून विचारलं आहे, की महिनाभर आधी पट्टा सोडला असता तर पूर्ण वाकला असता का. एक म्हणाला हो, एक म्हणाला नाही, एक म्हणाला सांगता येत नाही. चौथ्याला मी विचारलं नाही.

काका गेल्यानंतर काही वर्षांनी, पितृपक्षातच, वासंती माझ्या क्वार्टरवर चहाला आली होती. काकांच्या श्राद्धाचा विषय निघाला. ती म्हणाली, "आता भाऊ करतो, पण तिथी मी दोन्ही पंचांगांत बघून देते. बाबांची आदत लागली मला." आणि मी बोलून गेले. फुलवाली, जन्माष्टमी, सगळं. ठरवून नाही. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "किती दिवस?"

"सत्तावीस."

"मोजलेले आहेत?"

"हो."

तिनं अर्धा चहा तसाच ठेवला, पिशवी उचलली. दारात थांबून म्हणाली, "गुडघा माझा होता. पण बाबांना का नाही सांगितलंस?" आणि गेली. मी दोन मजले तिची पावलं ऐकत उभी राहिले. खरं सांगायचं तर तिथंही मला हेवाच वाटला. मी इतकी वर्षं तिच्या पायाचा विचार करत होते, आणि तिला ऐकल्याबरोबर बाप आठवला.

सत्तावीस दिवस तिचा फोन आला नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी आला. "नले, रविवारी रेतीवर मुलींची परीक्षा घ्यायची आहे. घड्याळ धरायला माणूस नाही. येते का?" मी गेले. नावेत बसल्यावर तिनं विचारलं, "मोजले?"

"मोजले."

"मग पायाचं झालं. माफ-बिफ काही केलं नाही हं. थंडीत दुखतो तेव्हा तुला शिव्या देणारच. आणि बाबांचं तू बघ. ते मी नाही मिटवू शकत." मग नावाड्याला म्हणाली, "भइया, जरा जल्दी. ही म्हैस आहे ना, वजन फार आहे."

त्यानंतर दर रविवारी मी घड्याळ धरलं. बाबांचं मात्र मी बघितलं नाही. कुणाला जाऊन सांगणार होते? हसणारे बहुतेक मेले होते. ती दरवर्षी पितृपक्षात एकदा माझ्याकडे बघायची, बोलायची नाही. या वर्षी ती बघायला नसेल. म्हणून इथं लिहिते, कारण वर्तमानपत्राची ही पुरवणी दुर्गाघाटावरच्या मराठी घरांत अजून येते आणि घाटावरचे काही म्हातारे ती वाचतात. काकांची तिथी चुकली नव्हती. त्यांना चुकीची तिथी मी सांगितली, ती चुकीची आहे हे मला वेळेवर कळलं, आणि मी गप्प राहिले. काशीच्या घाटावर त्यांच्याइतकं पंचांग कळणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

वासंतीचे दिवस झाल्यावरच्या पहिल्या रविवारी तिच्या मुलींचा फोन आला, "मौसी, आएँगी न?" गंगा अजून वर असल्यानं रेती नव्हती, म्हणून पायऱ्यांवरच सराव होता. मुली भराभरा वर गेल्या. मी वेळ लिहिली. मग त्या खाली यायला लागल्या आणि मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. सगळ्या अंग तिरपं करून उतरत होत्या, आधी डावा पाय खाली, मग उजवा त्याच्या शेजारी, मग पुन्हा डावा. पंचवीस-तीस मुली, सगळ्यांचे गुडघे धडधाकट. मी म्हणाले, "अगं, सरळ उतरा. असं कशाला?" पुढची मुलगी म्हणाली, "मैडम तो ऐसे ही सिखाती थीं." वासंतीनं शिकवलं नव्हतं. तिला तसंच उतरता यायचं. त्यांनी बघून घेतलं आणि तीच पद्धत समजल्या. माझं धावणं जास्त शुद्ध होतं, सगळे प्रशिक्षक म्हणायचे. ते कुणीही उचललेलं नाही.

उतरण्याचीही वेळ घे, असं वासंती मला दर रविवारी सांगायची. उतरण्याची कसली आली वेळ, म्हणून मी कधी घेतली नाही. त्या दिवशी मी मुलींना पुन्हा वर पाठवलं आणि त्या उतरायला लागल्या तेव्हा घड्याळ दाबलं. चढण्यापेक्षा त्यांना उतरायला जास्त वेळ लागतो. मी दोन्ही वेळा लिहिते. शेजारी शेजारी.